चांगलं बोलायची संध्याकाळ

मार्च लागला की इथे वेल्समध्ये, कार्डिफच्या मार्केटमध्ये डॅफोडिल्स येतात. फुललेली नाही. मिटलेल्या हिरव्या कळ्यांच्या जुड्या, रबरबँड लावून बादलीत उभ्या केलेल्या, आपल्याकडे कांद्याची पात ठेवतात तशा. लोक जुडी काखोटीला मारून घरी नेतात, पाण्यात ठेवतात आणि बघता बघता खिडक्या पिवळ्या होतात. माझा पडद्याच्या कापडाचा गाळा फुलवाल्याच्या अगदी समोर. पूर्वी त्या बादल्या दिसल्या की बरं वाटायचं, सरली एकदाची थंडी. आता त्या दिसल्या की आधी डोकं तापतं. कारण डॅफोडिल्स आली की आठवड्याभरात सेविंजच्या खिडकीत गव्हाची ताटली येणार, हे ठरलेलं.

सेविंज माझी शेजारीण. अझरबैजानमधल्या शेकी नावाच्या डोंगरी गावची. नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांचा इंजिनिअर, त्याच्यामागे इकडे आली. आमच्या रांगेत, एकाला एक चिकटलेल्या घरांत, तिचं दार माझ्यापासून तिसरं. घटस्थापनेला आपण धान पेरतो, तसाच ती ताटलीत गहू रुजवते. बोटभर हिरवा झाला की भोवती लाल फीत बांधते. त्याला म्हणतात सेमेनी. दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला त्यांचं नवं वर्ष, नोव्रुझ. आपला पाडवा त्याच्याच आगेमागे. म्हणजे नवं वर्षसुद्धा हिचं माझ्या शेजारीच येऊन बसायला हवं होतं. माझी गुढी स्वयंपाकघराच्या खिडकीत, कडुनिंब नाही म्हणून कढीपत्ता खोचलेली, बाहेर वेल्श वारा. आणि तिच्या खिडकीत ती हिरवीगार ताटली. पोस्टमनसुद्धा थांबून तिचा फोटो काढतो. माझ्या गुढीकडे बघून तो एवढंच विचारतो, "ऑल राइट, लव्ह? ड्रायिंग युअर ब्लाउज?"

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर. आमच्या घरात झोपेतसुद्धा मागाचा आवाज असायचा, आणि तो बंद पडला की सगळे दचकून जागे व्हायचे. इथे आले तेव्हा आमच्या ह्यांची बस चालवण्याची नोकरी, आणि माझ्याकडे काय, तर कापड हातात घेतलं की ते कुठे फाटेल हे सांगता येणं. रविवारच्या कारबूट सेलमध्ये, चिखलात ताडपत्री पसरून, पडद्याचे कटपीस विकायला बसले. तिथून हा गाळा. कुणी दिला नाही, मी काढला. भाव केल्याशिवाय मी काही घेत नाही आणि समोरच्याला भाव करायला लावल्याशिवाय काही देत नाही. इथली माणसं किंमत विचारतात, "लव्हली" म्हणतात आणि पैसे देतात. गल्ल्याला ते बरं, पण अळणी. मी त्यांना शिकवते. "अहो, थोडं कमी करा म्हणा की मला!" म्हटल्यावर म्हाताऱ्या वेल्श बायका लाजतात, मग हळूहळू रंगात येतात. माझं म्हणणं असं, की ज्याच्याशी आपण भाव करतो त्याच्याकडे आपण नीट बघतो. त्याच्या डोळ्यांत, हातांत, पायातल्या बुटांत. घासाघीस ही माझी माणूस ओळखायची रीत आहे. मायेचीही तीच.

मेधाला मी तशीच मिळवली. मेधा नागपूरची, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स. नवी आली तेव्हा ऐन जानेवारी होता आणि तिच्या भाड्याच्या खोलीतलं हीटिंग बंद. बसस्टॉपवर ही मुलगी फोनवर आईला सांगत होती, "नाही गं, मस्त उबदार आहे," आणि ओठ निळे पडलेले. मी तिचा फोन संपायची वाट पाहिली, पत्ता विचारला, आणि त्याच संध्याकाळी तिच्या घरमालकाच्या पायरीवर जाऊन बसले. पाऊस होता. त्याच्या बायकोने पडदा सरकवून बघितलं, परत ओढला, परत सरकवला. मी हात केला. शेवटी बॉयलरवाला आला. पुढे आमच्या गल्लीच्या टोकाला घर रिकामं झालं, तेही मीच तिला मिळवून दिलं. तेव्हापासून मेधा माझी.

"माणूस असं आपलं नसतं शकू," आमचे हे म्हणतात. "तो काय गाळा आहे?"

ह्यांना बोलायला काय जातंय. त्यांच्या बसमध्ये कुणीही चढतं, कुणीही उतरतं.

सेविंज आली तेव्हा तिला पडदे मीच लावून दिले. हेही लिहून ठेवते. मीच मेधाला म्हटलं, "बाई एकटी असते दिवसभर, जाऊन ये." आणि मेधा जी गेली, ती तिकडचीच झाली. आधी शनिवारी, मग ड्यूटी सुटल्यावर रोज. माझ्याकडे आल्याचा, दुधाचा, उकळून उकळून विटकरी झालेला चहा होता. तिच्याकडे कमरेत आवळलेला काचेचा पेला, त्यात लालभडक कोरा चहा, शेजारी चेरीचा मुरांबा, आणि साखरेचा खडा दातात धरून वरून घोट घ्यायचा. एकदा मेधा माझ्याकडे येऊन म्हणाली, "शकू, मला दूध नको घालूस गं. आता कोराच बरा वाटतो." मी पातेलं तसंच सिंकमध्ये ओतलं. तिला वाटलं, उतू गेलं.

मग करंज्या. त्यांच्यात नोव्रुझला शेकरबुरा म्हणून एक पदार्थ करतात. अर्धचंद्रासारखा, आत दाणे आणि साखर. करंजीच ती. फक्त कातण न फिरवता सेविंज चिमट्याने वरच्या पारीवर एकेक नक्षी उचलते, गव्हाच्या लोंबीसारखी. मेधाने माझ्यासमोर ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "करंजीच की. पण किती नाजूक!" म्हणजे इतकी वर्षं माझ्या दिवाळीत तिने काय खाल्लं? विटा?

आणि हाका. सेविंज तिला "मेधा-जान" म्हणते. मला "शकू खानम". खानम म्हणजे बाईसाहेब, मानाचा शब्द, असं मेधाने समजावलं. मान मला कळतो. मान उंबऱ्यावर देतात आणि जीव घरात लावतात.

पण ज्याच्यावरून सगळं फुटलं ती गोष्ट रेशमाची. सेविंजकडे तिच्या आईची केलागायी होती. त्यांच्याकडच्या बायकांचा डोक्यावर घ्यायचा मोठा चौकोनी रुमाल, लाकडी ठशांनी छापलेला. तिने तो उलगडून दाखवला तेव्हा मी बोलायची थांबले. मी! करड्यात निळा मिसळलेला रंग, पावसाळी आभाळासारखा, आणि चारी कोपऱ्यांत आपली कोयरी. पैठणीच्या पदरावरची, हळदीकुंकवाच्या पात्राची, तीच कोयरी, तिकडे तिला बुता म्हणतात. मी कापड चिमटीत धरलं, चुरगाळलं, सोडलं. एक घडी उरली नाही. सेविंजने बोटातली अंगठी काढली आणि अख्खा रुमाल त्यातून ओढून दाखवला. पाणी सरकावं तसा सरकला.

मी भाव केला. मला दुसरं काय येतं? ती हसून म्हणाली, "हे विकायचं नाही, शकू खानम." मला वाटलं, बाई तयारीची आहे, चांगली सुरुवात करते. मी वाढवलं. तिने माझ्या पेल्यात चहा ओतला. मी अजून वाढवलं, मग माझा हुकमी डाव टाकला. पिशवी उचलली, "राहू दे मग," म्हटलं आणि सावकाश दाराकडे निघाले. परत बोलावतात. इतक्या वर्षांत परत बोलावलं नाही असं झालं नाही.

तिनेही बोलावलं. "शकू खानम! छत्री!"

दिवाळीत मेधा फराळाला आली तेव्हा तो रुमाल तिच्या गळ्यात होता.

भांडण माझ्या गाळ्यावर झालं, दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाइकांसमोर. "ती मला विकत देईना आणि तुला फुकट?" मी म्हटलं. "तुला एकदाही वाटलं नाही, की शकूला हवा होता?"

"तिने दिला, मी घेतला. मी मागितला नव्हता."

"तेच तर! न मागता मिळतं तुला!"

मेधाचा आवाज एरवी वर जात नाही, वॉर्डातली सवय. त्या दिवशी गेला. "शकू, तू माझ्यावरसुद्धा भाव लावतेस. हीटिंग मिळवून दिलं, घर मिळवून दिलं. अजून किती फेडू?"

"फेड म्हणून मी कधी म्हटलं?"

"म्हणायला लागतच नाही तुला. तू नुसती बघतेस."

ती गेली. समोरचा फुलवाला ख्रिसमसच्या वेलींना उगाच पाणी मारत राहिला.

तो हिवाळा मला अजून अंगात जाणवतो. चारला अंधार. गाळ्यावर पायाशी हीटर, तरी बोटं कापडाला लागत नव्हती. मेधाची बस माझ्या मार्केटवरून जायची. मी मुद्दाम मागच्या बाजूला गठ्ठे लावत राहायचे. घरी आमचे हे दोन कप चहा करायचे, मी तिसरा काढायचे, परत ठेवायचे. वाईट याचं नाही वाटलं, की मेधाला दुसरी मैत्रीण मिळाली. खोटं कशाला, याचंच वाटलं. तिने माझ्याशी भांडून घरी बसायला हवं होतं. तिने त्याचं दुःख करायला हवं होतं. ती तर आनंदात होती.

त्यांच्यात नव्या वर्षाआधीचे चार मंगळवार मानाचे. पाण्याचा, विस्तवाचा, वाऱ्याचा, मातीचा. विस्तवाच्या मंगळवारी मी वरच्या खिडकीतून बघितलं. सेविंजच्या मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या पत्र्यात छोटीशी आग, आपल्या होळीचं पिल्लू. त्यावरून उडी मारायची, जुन्या वर्षाचं दुखणंखुपणं विस्तवात टाकायचं. पलीकडचा म्हातारा कुंपणावरून पाण्याचा पाइप घेऊन तयारीत उभा. आणि मेधाने उडी मारली. हॉस्पिटलचे ते जाड पांढरे बूट घालून, केस सुटलेले, ओरडत. हसत हसत ती सेविंजच्या अंगावर पडली. इतक्या वर्षांत माझ्या घरात ती अशी कधी हसली नव्हती. माझ्या घरात ती नीट बसायची. मी पडदा ओढला. माझ्याच गाळ्यावरचा, दुहेरी अस्तराचा. त्यातूनही हसू येत होतं.

मग आला शेवटचा मंगळवार. दुपारी कुरिअरवाल्याने सेविंजचं पार्सल आमच्याकडे टाकलं आणि तिच्या दारात तसं कार्ड ठेवून गेला. मी वाट बघितली, ती येईल न्यायला. आली नाही. दिवेलागणीला मीच पार्सल उचललं. फाटक करकरलं, पायरी चढले, बेलवर बोट ठेवणार, तेवढ्यात पत्रं टाकायच्या फटीतून आतलं बोलणं ऐकू आलं. पलीकडे लगेच बैठक, या घरांत काही लपत नाही. मेधाचा आवाज. इंग्रजीत बोलत होती. आणि माझं नाव.

मी बोट काढून घेतलं. खरं सांगते, त्यांनी माझ्याबद्दल वाईट बोलावं अशी माझी फार इच्छा होती. मग मला कायमचं रागवायला मोकळीक मिळाली असती.

मेधा सांगत होती, "शकू पायरीवर बसली होती, पावसात. मी खिडकीतून बघत होते. मला लाज वाटत होती. आणि मला एवढं सुरक्षित कधीच वाटलं नव्हतं. माझी आईसुद्धा माझ्यासाठी कुणाच्या दारात अशी बसली नसती." मग म्हणाली, "ती फार ओरडते. पण ज्याच्यासाठी ओरडते तो माणूस कधी थंडीत राहत नाही."

मी पार्सल पायरीवर ठेवलं आणि फाटक न वाजवता परत आले. घरी येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे ह्यांना कारण विचारायला नको.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मी प्रत्येकाला कापड वाढवून मोजलं. दुपारी सेविंज आली, हातात झाकलेली ताटली. "शकू खानम, पार्सल तुम्ही ठेवलंत? मग काल दाराशी तुम्ही होतात!" आणि ती आनंदाने, जपून जपून, एकेक इंग्रजी शब्द मांडत सांगू लागली. शेवटच्या मंगळवारी त्यांच्याकडे मनात इच्छा धरून शेजाऱ्याच्या दाराशी कान लावायची चाल आहे. आतून जे पहिलं बोलणं ऐकू येईल त्यावरून इच्छेचं काय होणार ते कळतं. म्हणून त्या संध्याकाळी घराघरांत फक्त चांगलं बोलायचं. बाहेर कुणी आहे अशी चाहूल लागली तरी दार उघडून बघायचं नाही. "फाटक वाजलं, तेव्हा मीच मेधा-जानला म्हटलं, कुणीतरी आहे बाहेर, छान काहीतरी बोल." ती हसली. "तुमची इच्छा काय होती?"

मी ताटली घेतली आणि म्हटलं, "गिऱ्हाईक आहे."

तर हे असं. फाटक वाजलं म्हणून बोललेलं. अख्खी रात्र मी जे उशाशी घेऊन झोपले ते सणाचं गोड निघालं, आल्यागेल्याच्या हातावर ठेवतात तसं. विकणाऱ्याने गिऱ्हाईक बघून बोललेला भाव मी आजवर खरा धरला नाही, आणि याला भुलले. संध्याकाळी गाळा लवकर बंद केला आणि हॉस्पिटलसमोरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. मेधा बाहेर आली. गळ्यात रुमाल. दमलेली, उभ्या उभ्या सँडविच खात.

"काल तुझं बोलणं मी ऐकलं," मी म्हटलं.

तिचा घास थांबला. "बाहेर तू होतीस?"

"मी होते. आणि आज मला नियम कळला. चांगलंच बोलायचं होतं ना? मग ते मी धरत नाही."

"नको धरूस."

बस आली, माणसं चढली, बस गेली. आम्ही दोघी तिथेच. तिने सँडविचचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"चांगलं बोलायचा नियम होता, शकू," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल बोलायचा नव्हता. मी त्या चहाबद्दल बोलले असते. वॉर्डातल्या नव्या बाळाबद्दल बोलले असते. फाटक वाजलं, आणि चांगलं काय म्हणून मनात आधी तू आलीस. मी काय करू?"

मी म्हटलं, "मग दिवाळीपासून आली का नाहीस?"

"तू बोलावलं नाहीस."

"तुला बोलवावं लागतं?"

"तुझ्याकडे लागतं," मेधा म्हणाली. "तिच्याकडे नाही."

हे लागलं. अजून लागतं. पण पुढच्या बसने आम्ही बरोबरच घरी आलो, आणि तिने माझ्याकडे दुधाचा चहा घेतला. संपूर्ण नाही, अर्धा.

आता परत मार्च आहे. समोर बादल्यांत डॅफोडिल्स. मेधा माझ्याकडे येते, न बोलावता यायचा प्रयत्न करते. मी दार नुसतं लोटून ठेवते. पण शनिवार सेविंजचा तो सेविंजचाच. हेवा सरला असं मी म्हणणार नाही. पडद्याला पडलेल्या घडीसारखा तो आहे, इस्त्री केली तरी उजेडात दिसतो. आज शेवटचा मंगळवार. दुपारपासून मेधा तिकडेच आहे, शेकरबुऱ्यांवर चिमट्याने नक्षी काढायला शिकते आहे. मी तिला कधी कातणसुद्धा हातात दिलं नव्हतं.

संध्याकाळी आमचे हे स्वयंपाकघराची खिडकी लावायला उठले. वारा होता.

"राहू दे उघडी," मी म्हटलं. आणि जरा मोठ्याने, "सेविंज कापडाची घडी चांगली घालते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं वाटतंय ना तुला?"

"आज चांगलं बोलायचं असतं."

"मग हे एवढंच? कुणी इच्छा धरून उभं असेल तर त्याचं घडीत काय भागणार?"

बाहेर फाटकाची कडी वाजली. कदाचित वाऱ्याने. हे बघायला निघाले, मी त्यांचा हात धरला. त्या संध्याकाळी बघायचं नसतं. मी खिडकीकडे तोंड केलं.

"तिच्या घरी गेलेल्या माणसाला परत जावंसं वाटतं," मी म्हटलं. "न बोलावता. मला ते येत नाही. मला तिचा फार हेवा वाटतो. आणि माझं माणूस तिथे हसतं, ते मला वरून ऐकू येतं. हसू दे."

"हे चांगलं बोलणं झालं?" ह्यांनी हळूच विचारलं.

"झालं."

मी मराठीत बोलले होते. आमच्या गल्लीत मराठी कळणारी तीनच माणसं, आणि त्यातली दोघं स्वयंपाकघरात होती.